भोंग्याला न दिलेली सकाळ

तारापूरच्या किनाऱ्यावर अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात चालू होतं त्या काळची, १९६७ सालची ही गोष्ट. तिथल्या एका ठेकेदाराच्या पत्र्याच्या ऑफिसात भिंतीवर शेजारी शेजारी दोन घड्याळं लावलेली होती. एक इथलं. दुसरं काँक्रीटच्या कामावर देखरेख करणाऱ्या हॉर्टन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरच्या गावचं. साहेब कॅन्सस राज्यातल्या एका खेड्यातले. तिथली वेळ आपल्या साडेअकरा तास मागे. पण घड्याळाच्या तबकडीवर दिवस आणि रात्र वेगळी दिसत नाहीत. इथे सकाळचे आठ वाजले की तिथे आदल्या रात्रीचे साडेआठ. त्यामुळे बघणाराला एवढंच वाटे की दुसरं घड्याळ अर्धा तास पुढे आहे.

भोंगा वाजवण्याचं काम मुकादम नागोरावकडे होतं. हा नांदेडकडचा, गळ्यात शिट्टी, डोक्याला टॉवेल. एका दुपारी त्याने घाईघाईत भलत्याच घड्याळाकडे बघून भोंगा दिला. सगळी माणसं अर्धा तास आधी जेवायला बसली. जेवण निम्म्यावर आलं तेव्हा चूक लक्षात आली, आणि नागोराव सगळ्यांना पुन्हा उठवायला निघाला. कुणी उठलं नाही.

"मुकादमा," खडी वाहणाऱ्या बायांमधून एक आवाज आला, "आज आमी कुनाच्या गावचा भात खाल्ला?"

"कामून दात काढायलीस नवसे? चूक माणसाकडूनच होती."

"त्येच म्हनते. मला वाटलेला, भोंगा देव वाजवतो."

ही नवसी. पालघर-मनोरच्या बाजूला डोंगरात आंबेटीपाडा म्हणून वारल्यांची वस्ती आहे, तिथली. वय कुणी मोजलेलं नाही. चाळिशीच्या आसपास असावं. नवरा चिंधू ताडावरून पडून गेला. घरात म्हातारा सासरा चिंतू आणि लग्नाला आलेली मुलगी कमळी. डोंगराच्या उतरणीला भाताचा लहान तुकडा, पावसावरचा. भात झोडून झाला की पाड्यातली बरीच माणसं कामाच्या शोधात खाली उतरतात. कुणी मिठागरावर जातं, कुणी वैतरणेच्या रेतीवर. त्या वर्षी बरेचजण तारापूरला आले होते आणि कामाशेजारी झोपड्या घालून राहिले होते. नवसी आणि कमळी एकाच टोळीत होत्या. नवसीकडे एक जादा काम होतं, ऑफिसात पिण्याच्या पाण्याचे हंडे भरायचं. त्यामुळे ती दोन घड्याळं तिच्या रोज नजरेला पडत.

तिने एकदा हजेरी घेणाऱ्या पंढरीला विचारलं होतं, "ही दुसरी मोडली काय? काढून टाका की."

पंढरी साताऱ्याकडचा, मॅट्रिक झालेला, समजावून सांगायची हौस असलेला. त्याने हंड्यावरची पितळी वाटी उचलून वाटीभोवती बोट फिरवलं आणि पृथ्वी कशी फिरते ते दाखवलं. "साहेबांच्या गावी आत्ता रात्र आहे," त्याने सांगितलं.

"आनि सायब इथं उन्हात?"

"हो."

"मंग त्याच्या वाटची झोप तिथं कोन घेतो?"

पृथ्वीचं गणित तिला पटलं की नाही, कळायला मार्ग नाही. पण तेव्हापासून टोळीत कुणी सकाळी अंथरुणातून उठली नाही, की बाया म्हणत, ती सायबाच्या गावाला गेली.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पंढरी एके दिवशी स्टुलावर चढला आणि दुसऱ्या घड्याळाचा लहान काटा त्याने एक तास पुढे सरकवला. नवसी हंडा ओतत होती. टेबलाशी हॉर्टनसाहेब नकाशे पसरून बसले होते.

"आता काय केला?"

"तिकडच्या सरकारने उन्हाळ्यापुरती सगळ्यांची वेळ एक तास पुढे केली. कायदा आहे."

"सूर्य पन पुढं झाला?"

"सूर्य नाही. फक्त घड्याळं."

"आनि गायींनी आयकला?"

साहेबांनी मान वर करून पंढरीला विचारलं, ही काय म्हणाली? पंढरीने सांगितलं तेव्हा ते खुर्चीत मागे रेलून हसले, आणि मग बराच वेळ बोलत राहिले. पंढरी तुकड्यातुकड्याने सांगत गेला. साहेबांना घरून पत्र आलं होतं. त्यांचे वडील शेतकरी. त्यांच्या गोठ्यात तीसेक गायी. म्हातारबुवांनी जाहीर करून टाकलंय की गोठ्यातलं घड्याळ आपण हलवणार नाही. घरात बायकोचं घड्याळ सरकारी वेळेचं, गोठ्यात त्यांचं जुन्या वेळेचं. तास पुढे गेला त्या पहिल्याच रविवारी ते प्रार्थनेला गेले तेव्हा गाव प्रार्थना उरकून बाहेर पडत होतं. म्हातारा दारात उभा राहून म्हणाला, तुम्ही सगळे तासभर आधी आलात.

नवसीने हंडा खाली ठेवला. "सायबाचा बा बरा मानूस दिसतो," ती म्हणाली. आणि पुढचं वाक्य तिने त्याच दमात जोडलं. "पंढरीदादा, त्याला सांग, आमाला राब भाजायला सुट्टी पायजे. सासऱ्याचा निरोप आलाय. ह्या आठवड्यात वारा पडल."

राब म्हणजे भाताच्या रोपांसाठी भाजून तयार केलेली जमीन. शेण, झाडांचा टहाळ, वाळल्या पानांचा पातेरा आणि गवत यांचे थर एकावर एक रचायचे, वरून माती भुरभुरायची आणि आग द्यायची. आग सावकाश, धुमसत गेली पाहिजे. वारा असला की वरचं गवत भुर्रकन जळून जातं, खालची माती कच्ची राहते आणि पावसात रोपांऐवजी तणच वर येतं. म्हणून वारा पूर्ण पडलेली पहाट लागते, आणि ती कुठली हे आधी सांगता येत नाही. आंबेटीपाड्यात सगळ्यांचे राब एकाच सकाळी भाजतात. प्रत्येक बांधावर ओल्या फांद्या घेऊन माणसं उभी राहतात, कारण एकाची आग दुसऱ्याच्या गंजीत गेली तर पाडाच जाईल. दिवस चिंतू ठरवतो. पहिली आग त्याच्या घरची. चिंधू गेल्यापासून ती नवसीच्या हातची. तिने दिली नाही तर कुणालाही देता येत नाही.

साहेबांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी सांगितलं ते ऐकून पंढरीलाही नवल वाटलं. त्यांच्या गावीही चैत्राच्या सुमाराला कुरणं जाळतात. जुनं गवत जळलं की नवं गवत लवकर फुटतं. शेजारचे शेतकरी ओली पोती घेऊन कडेला उभे राहतात. वारा बघून वडील सकाळी ठरवतात, आणि ठरलं की शाळेतली पोरंसुद्धा त्या दिवशी शाळेत जात नाहीत.

"मंग झाला की," नवसी म्हणाली.

झालं नव्हतं. त्याच आठवड्यात मोठ्या भिंतीचं काँक्रीट ओतायचं होतं. एकदा सुरू केलं की ते मध्ये थांबवता येत नाही. थांबलं तर सांधा कच्चा राहतो. साहेबांनी हे शांतपणे सांगितलं. रविवारी जाऊन राब भाजा, शनिवारी संध्याकाळी ट्रक देतो, असंही म्हणाले.

"त्याला म्हन, बाला इचार. आयतवारी वारा पाडता येतो का?"

पंढरीने विचारलं. साहेब दुसऱ्या घड्याळाकडे बघून किंचित हसले. "तिथे आता रात्र आहे. वडील झोपलेत."

"मंग उठव त्याला," नवसी म्हणाली.

हे वाक्य पंढरीने साहेबांना सांगितलं की नाही, यावर कामावर पुढे बरेच दिवस वाद होता.

बुधवारी चिंतूचा दुसरा निरोप आला: उद्या पहाट बघू, या. संध्याकाळचा भोंगा झाल्यावर पाड्यातल्या बायामाणसांनी गाठोडी बांधली. नागोराव झोपड्यांच्या वाटेवर आडवा उभा राहिला.

"उद्या माल ओतायचाय आन् तुमी कुठं चाललाव?"

"राब भाजायला. दुपारच्याला येतो."

"दुपारी यायचं असंल तर येऊच नगस. सकाळच्या भोंग्याला जो नाही, त्याचं नाव कटलं. झोपडी बी खाली." मग त्याचा आवाज जरा खाली आला. "नवसे, माज्या गावाला बी पेरणी असती की. दोन सालं झाली, मी गेलो का?"

"तू नाय गेला, म्हनून मी बी नाय जायचा? हा कुठला न्याय, मुकादमा?"

"मी साहेबाचं मीठ खातो."

"आमी आमचा भात खातो," नवसी म्हणाली, आणि त्याला वळसा घालून गेली. तिच्या मागून सगळे गेले. बोईसरपर्यंत पायी, पुढे लाकडं न्यायला आलेला एक रिकामा ट्रक मिळाला, आणि शेवटची चढण पुन्हा पायी.

दुसऱ्या दिवशी फटफटताना पाडा बांधांवर उभा होता. थर रचून तयार होते. नवसीच्या हातात खापरात विस्तव होता. चिंतू आपल्या तुकड्याच्या मधोमध उकिडवा बसला होता. हा म्हातारा बोलायला कमी आणि ऐकायला त्याहून कमी. त्याने चिमूटभर राख वर धरून सोडली. ती सरळ खाली पडली. माणसं पुढे सरकली. चिंतू मात्र ताडाच्या शेंड्याकडे बघत राहिला. तिथल्या पात्या एकमेकींवर हलकेच घासत होत्या.

"आज नाय," तो म्हणाला. "वरचा वारा हाय. थोड्या टायमाने खाली येल. उद्या."

मग सगळे एकदम बोलू लागले. रात्रभर तंगड्या तोडून आलो ते कशाला? राख सरळ पडली ती काय खोटी? आत्ता आग दिली तर धावतपळत दुपारपर्यंत कामावर पोचता येईल, पाया पडून नाव राखता येईल. उद्यावर गेलं तर नाव गेलंच.

सगळ्यांत पुढे कमळी होती. "आये, दे आग. आजा म्हातारा झाला. त्याला आता जागच्या जागी बी वारा वाटतो."

"नाय म्हनला ना तो?"

"तो म्हनल नि आमी उपाशी मरू? दीस डोक्यावर आला की तिथं माझा नाव काटतील. तुझा बी."

"काटू दे."

"मंग कशाला आनला आमाला?"

"मी आनला नाय. तू तुझ्या पायानं आली."

कमळीने आईच्या हातातलं खापर धरलं. नवसीने सोडलं नाही. दोघी तशाच उभ्या राहिल्या. खापर दोन्ही बाजूंनी तापलेलं होतं.

नवसीच्या मनात त्या वेळी काय चाललं होतं, ते तिने नंतर स्वतःच सांगितलं, आणि त्यात आडपडदा ठेवला नाही. म्हाताऱ्याचा तिला भयंकर राग आला होता. आग द्यावी आणि मोकळं व्हावं, असं तिलाही वाटलं होतं. त्याचं चुकत असेल, हेही तिने नाकारलं नाही. दोन वर्षांपूर्वी त्याचं एकदा चुकलंही होतं. पण तिचं म्हणणं एवढंच होतं: "नागोरावला नाय म्हनून आली, ती काय इथं घाई करायला? घाईच करायची व्हती त तिथंच रायली असती. भोंगा काय मी डोक्यावर घेऊन आली व्हती इथवर?"

तिने खापर हिसकून घेतलं, घरात गेली आणि विस्तव परत चुलीत टाकला.

पाड्यातली निम्म्याहून जास्त माणसं तेव्हाच उलटी फिरली. कमळीही. जाताना ती आईशी बोलली नाही, फक्त आजाच्या पुढ्यात जाऊन मोठ्याने म्हणाली, "तुझ्या वाऱ्यानं घर खाल्ला आमचा." चिंतूने मान हलवली. त्याला ऐकू गेलं की नाही, सांगता येत नाही.

ऊन वर आलं तसा वारा खाली उतरला. म्हाताऱ्याचं बरोबर ठरलं म्हणून कुणी टाळ्या पिटल्या नाहीत. उरलेल्या माणसांनी वाऱ्याने विस्कटलेले थर पुन्हा सारखे केले आणि दिवस काढला. शुक्रवारी पहाटे मात्र पानही हलत नव्हतं. नवसीने पहिली आग दिली. माणसं कमी होती, म्हणून एकेकाने तीन-तीन बांध सांभाळले. परत गेलेल्यांचे राबही त्यांनीच भाजले. तो नियमच आहे. कुणी हजर नाही म्हणून त्याचा तुकडा कच्चा ठेवत नाहीत. धूर जमिनीलगत दाटून राहिला होता. संध्याकाळी राख उकरून बघितली तेव्हा खालची माती लाल झालेली होती.

नवसी शनिवारी तारापूरला गेली ती कामासाठी नाही, भांडी आणायला. झोपडीत दुसरं कुटुंब येऊन राहिलं होतं. तिचं भाताचं पातेलं, दोन ताटल्या आणि घोंगडी दाराबाहेर ठेवलेली होती. कमळी खडीच्या ढिगावर काम करत होती. नागोरावने परत आलेल्यांना दमदाटी करून घेतलं होतं, कारण ओतकामाला हात कमी पडत होते. भिंत वेळेत झाली होती. नवसीवाचून काही अडलं नव्हतं, आणि हे तिला दिसत होतं.

"मी सांगितलं हुतं तुला," नागोराव म्हणाला. त्याच्या आवाजात जोर नव्हता. "साहेबाच्या पाया पड. बघ, घेतील."

"पाया कशाला? मी काय चोरी केली?"

तेवढ्यात साहेबांची जीप बाजूने गेली आणि थांबली. साहेबांनी शेजारी बसलेल्या पंढरीला काहीतरी विचारलं. पंढरी म्हणाला, "नवसी, साहेब विचारतायत, जळलं का नीट?"

"जळला. मातीपर्यंत. त्याच्या बाला सांग म्हनावं, उठल्यावर."

या वेळी पंढरीने शब्दन् शब्द सांगितला. साहेबांनी टोपीला हात लावला. कामावर घेतो असं ते म्हणाले नाहीत. नवसीने पातेलं घोंगडीत बांधलं, डोक्यावर घेतलं आणि ती बोईसरच्या रस्त्याला लागली.

उन्हाळ्याचे उरलेले दिवस तिने माकुणसारला एका भाजीच्या वाडीत काढले, वाफ्यांना पाणी लावायला. तिथे भोंगा नव्हता. पण वाडीवाला उजाडायच्या आत हाका मारी आणि अंधार पडल्यावरच सोडी. नवसीचं त्याच्याशीही पटलं नाही. पाऊस लागायच्या आधी ती पाड्यावर परतली. रोपं दाट आली. लावणी झाली, कमळीही घरी आली. मायलेकी महिनाभर फक्त कामापुरतं बोलत होत्या.

दिवाळी झाली, भात झोडून झाला, आणि एका सकाळी नागोराव स्वतः ट्रक घेऊन आंबेटीपाड्याखाली आला. आतापर्यंत माणसं त्याच्याकडे चालत येत. या वर्षी बोईसरला नव्या कारखान्यांची कामं निघाली होती, आणि त्याला टोळी मिळेना. त्याने शिट्टी वाजवली. बाया जमल्या, पण ट्रकात चढल्या नाहीत. एकजण म्हणाली, नवसीला विचार.

नवसी अंगणात भात उफणत होती. तिने सूप खाली ठेवलं नाही.

"राम राम, नवसाबाई."

"आज बाई झाली मी?"

"सोड की मागचं. चल, पाण्याचं काम तुलाच देतो."

"येते. पन राबाच्या दिवसाला कुनाचा नाव काटायचा नाय. झोपडीला हात लावायचा नाय. आधी बोल, मंग बाया चढतील."

नागोरावने टॉवेलाने तोंड पुसलं. "बरं. कोणता दिवस, सांग. आधीच साहेबाच्या कानावर घालतो."

"म्हाईत नाय."

"महिना?"

"शिमग्याच्या नंतर कवातरी. पावसाच्या आधी."

"आन् एकच दिवस ना?"

"वारा पडला त एक. नाय पडला त दोन. तीन बी."

"अगं, अशी कुठं रजा असती का? काय सांगू मी वर? आयतवार घे की एकादा, चांगला मोठा आयतवार!"

बाया हसल्या. "आयतवार वाऱ्याला म्हाईत नाय," नवसी म्हणाली. "आनि तुझा भोंगा त अर्धा तास बी चुकतो. तवा कुनी तुझा नाव काटला?"

कमळी मात्र तोवर गाठोडं घेऊन ट्रकात जाऊन बसली होती, ती एकटीच. नागोरावने तिच्याकडे बोट दाखवलं. "बघ, तुझी पोरगी शहाणी हाय. ती आली की."

नवसीने मुलीला हाक मारली नाही. तिच्याकडे बघितलंही नाही; सूप वर धरून ती भात पाखडत राहिली. ट्रकाचं इंजिन चालूच होतं. कमळी फळीला टेकून बराच वेळ बसली. मग तिने गाठोडं खाली टाकलं आणि स्वतः उतरली. "येकटीला काय मजा हाय तिथं," ती कुणाला तरी म्हणाली.

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. तो हिंदीत ओरडला, "मुकादम, बोल दो ना! खाली गाडी लेके जाएँगे क्या?"

नागोराव ओट्याच्या कडेला बसला. त्याने पाणी मागितलं, नवसीने दिलं. पाणी पिऊन तो उठला आणि पुटपुटला, "ठीक हाय. राबाला कुणाचं नाव कटणार नाही."

"मला नको सांगू. तिथं उभा राहा आनि सगळ्यांना सांग. दीस कुनी ठरवायचा, ते बी सांग."

नागोराव ट्रकाच्या मागच्या फळीवर चढला. राबाच्या दिवशी कुणाचं नाव कटणार नाही, कुणाची झोपडी खाली होणार नाही, आणि दिवस चिंतूबाबा ठरवेल, असं त्याने सगळ्या पाड्यासमोर सांगितलं. बायांनी गाठोडी उचलली.

चिंतू दाराशी उकिडवा बसला होता. त्याने कानामागे हात धरला.

"आयकू नाय आला," तो म्हणाला.

बाया थांबल्या. नागोरावला ते सगळं पुन्हा एकदा, आणखी मोठ्याने सांगावं लागलं.